पूजनीय बिशप अनास्तासियस हार्टमन : एका कणखर आडनावाची कथा

गेल्या पावसाळ्यात कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतील एका लहानशा खाजगी रुग्णालयात माझ्या आईला दोन दिवस ठेवावे लागले. जुलाब आणि उलट्यांनी तिच्या अंगातील पाणी कमी झाले होते. काळजीचे फारसे कारण नाही, असे डॉक्टरांनी सांगितले आणि हाताला सलाईन लावले. रात्री उशाशी बसून नळीतून पडणाऱ्या थेंबांकडे पाहत राहण्याखेरीज मला दुसरे काम नव्हते. वाचायला जवळ काही नव्हते, म्हणून मी बाटलीवरची चिठ्ठी वाचू लागलो. ज्या द्रावाला आपण सगळे ‘आर.एल.’ म्हणून ओळखतो, त्याचे आणखी एक नाव तेथे बारीक अक्षरांत छापलेले होते : हार्टमन्स सोल्युशन.

मुंबई आणि पुणे धर्मप्रांतांचा इतिहास ज्यांनी थोडाफार चाळला आहे, त्यांना हार्टमन हे नाव नवे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबईचे बिशप असलेले अनास्तासियस हार्टमन १८६६ साली पाटण्याजवळ कॉलऱ्याने मरण पावले. कॉलऱ्यात माणूस मरतो तो शरीरातील पाणी आणि क्षार वाहून गेल्यामुळे, आणि नेमकी तीच तूट भरून काढणारी ही बाटली! बाटलीवरचे हार्टमन निराळे, बिशप निराळे. एक अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ, दुसरे स्वित्झर्लंडमधील व्रतस्थ. तरीही त्या रात्री दोघांना जोडणारे ते आडनाव मनातून जाईना. ते आडनाव आले कोठून, आणि ते धारण करणाऱ्या या बिशपांनी आपल्या भूमीत काय केले, हे वाचकांपुढे ठेवावे असे वाटले.

आपल्याकडे ‘हार्ट’ म्हटले की हृदय आठवते. परंतु या नावातील ‘हार्ट’चा इंग्रजी हृदयाशी काही संबंध नाही. प्राचीन जर्मन भाषेत ‘हार्ट’ म्हणजे कठीण, कणखर, शूर. आणि ‘मान’ म्हणजे माणूस. हार्टमन म्हणजे कणखर पुरुष. आरंभी हे आडनाव नव्हतेच. बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाला ठेवावयाचे ते एक नाव होते. बाराव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेला हार्टमन फॉन औए हा थोर जर्मन कवी हे नाव पहिले नाव म्हणूनच लावीत असे. पुढे मध्ययुगात जर्मन शहरे वाढली, एकाच गल्लीत चार योहान आणि पाच पीटर राहू लागले, करवसुलीच्या आणि जमिनीच्या कागदांत घोटाळा होऊ लागला. तेव्हा ओळखीसाठी पित्याचे नाव पुढे जोडण्याची पद्धत पडली आणि हळूहळू ते नाव घराण्याला चिकटले. काही ठिकाणी मात्र हार्ट या शब्दाचा दुसरा अर्थ, म्हणजे डोंगरउतारावरचे रान, या आडनावाच्या मुळाशी आहे. रानाकडेला राहणारा तो हार्टमन. आपल्याकडेही असेच आहे. सुतार, कुंभार ही आडनावे धंद्यावरून आली, इचलकरंजीकर हे गावावरून आले, आणि घोरपड्यांच्या आडनावामागे घोरपडीच्या साहाय्याने गड चढल्याची आख्यायिका सांगितली जाते.

हे आडनाव पुढे जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, डेन्मार्क असे पसरले. जर्मन भाषा बोलणाऱ्या ज्यू कुटुंबांतही ते रुजले. एदुआर्द फॉन हार्टमन आणि निकोलाय हार्टमन हे दोन तत्त्वज्ञ, तारकांमधील रिकाम्या वाटणाऱ्या अवकाशातही द्रव्य आहे याचा पुरावा १९०४ साली मांडणारे खगोलशास्त्रज्ञ योहानेस हार्टमन, आणि ज्याच्या चित्रांच्या प्रदर्शनावरून रशियन संगीतकार मुसोर्ग्स्कीने आपली प्रसिद्ध संगीतरचना केली तो व्हिक्टर हार्टमन, हे सगळे याच आडनावाचे. यादी वाढवता येईल. पण तिने आपल्या हाती फारसे काही लागणार नाही.

आपल्या हाती जे लागते ते घराजवळच आहे. वसईच्या कोणत्याही धर्मग्रामात जा. रिचर्ड, बर्नार्ड, लिओनार्ड, जेरार्ड ही नावे दर दुसऱ्या घरात सापडतील. या प्रत्येक नावाच्या शेपटाशी तोच जर्मन ‘हार्ट’ बसलेला आहे. बर्नार्ड म्हणजे अस्वलासारखा कणखर, लिओनार्ड सिंहासारखा, जेरार्ड भाल्यासारखा. आणि आपल्या आडनावांचे काय? रॉड्रिग्ज, फर्नांडिस, गोन्साल्विस ही नावे आपण पोर्तुगीज समजतो आणि तशी ती आहेतही. परंतु पोर्तुगाल आणि स्पेनच्या भूमीवर पाचव्या शतकापासून सुएव्ही आणि व्हिसिगॉथ या जर्मन वंशाच्या टोळ्यांनी राज्य केले. त्यांची नावे तेथील लोकांनी उचलली. रोद्रिगोचा मुलगा तो रॉड्रिग्ज, फर्नांदोचा मुलगा तो फर्नांडिस. आणि रोद्रिगो, फर्नांदो, गोन्सालो ही मूळची त्या टोळ्यांच्या भाषेतील नावे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज धर्मगुरूंनी ती वसई, साष्टी, गोवे येथे आणली आणि आमच्या पूर्वजांना स्नानसंस्काराबरोबर दिली. तेव्हा जर्मन वंशाची आडनावे शोधायला स्वित्झर्लंडला जाण्याची गरज नाही, हे आधी नमूद करतो. पुढे माहीमच्या चर्चच्या भिंतीशी पोहोचल्यावर या गोष्टीची आठवण ठेवावी.

स्वित्झर्लंडमधील लुसर्न परगण्यात आल्ट्विस नावाचे खेडे आहे. तेथील एका कॅथोलिक कुटुंबात फेब्रुवारी १८०३ मध्ये योसेफ आलोयस हार्टमन यांचा जन्म झाला. नेपोलियनच्या सैन्याने युरोप ढवळून काढला होता, मठ बंद पडत होते आणि व्रतस्थ जीवनाचे दिवस सरले असे पुष्कळांना वाटत होते. अशा वेळी, १८२१ साली, अठरा वर्षांच्या योसेफने बाडन येथे कॅपुचिन संघात प्रवेश केला. संत फ्रान्सिस असिसीकर यांच्या नियमाचे कठोर पालन करणारा हा संघ; अंगात जाडाभरडा तपकिरी झगा, कमरेला दोरी आणि निर्वाह भिक्षेवर. संघाच्या रीतीप्रमाणे त्यांना नवे नाव मिळाले : अनास्तासियस. ग्रीक भाषेतील या नावात पुनरुत्थानाचा अर्थ आहे. पुनरुत्थित आणि कणखर, असे ते जोडनाव झाले. १८२५ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

पुढची सुमारे पंधरा वर्षे ते शिकवीत राहिले. नवशिक्या व्रतस्थांचे मार्गदर्शक म्हणून आणि मग फ्रिबुर्ग येथे तत्त्वज्ञान व ईशज्ञानाचे अध्यापक म्हणून त्यांनी नाव मिळवले. असा माणूस ग्रंथालयातच म्हातारा व्हावयाचा. परंतु त्यांच्या मनात मिशनची ओढ होती आणि वरिष्ठांना असा अध्यापक सोडवत नव्हता. अखेर १८४१ साली त्यांना रोमला बोलावणे आले. तेथे मिशनसाठी निघणाऱ्या कॅपुचिनांना त्यांनी शिकवले. १८४३ साली ते स्वतः भारताकडे निघाले. तेव्हा त्यांचे वय चाळीस होते. या वयात नवी भाषा, नवे हवामान आणि नवे अन्न पत्करणे सोपे नाही.

आग्र्याच्या मिशनमधून त्यांची नेमणूक ग्वाल्हेरला झाली. मराठी वाचकाला हे विशेष वाटावे, कारण ग्वाल्हेर म्हणजे शिंद्यांची राजधानी. २९ डिसेंबर १८४३ रोजी महाराजपूर आणि पनिआर येथे शिंद्यांच्या फौजेचा इंग्रजांनी पराभव केला होता. हार्टमन तेथे पोहोचले तेव्हा त्या पराभवाची जखम ताजी होती. शिंद्यांच्या लष्करात पूर्वीपासून युरोपीय वंशाचे कॅथोलिक सेनाधिकारी होते. अशा रीतीने एका स्विस संन्याशाने मराठी राज्याचे पहिले दर्शन घेतले ते मावळतीच्या प्रकाशात.

१८४५ साली पोपमहोदयांनी आग्र्याच्या विस्तीर्ण प्रदेशातून पाटणा हा नवा विभाग वेगळा काढला आणि हार्टमन यांना तेथील पहिले व्हिकर अपोस्तोलिक नेमले. व्हिकर अपोस्तोलिक म्हणजे धर्मप्रांत रीतसर स्थापन होण्यापूर्वी पोपमहोदयांच्या वतीने त्या भूभागाचा कारभार पाहणारे बिशप. १५ मार्च १८४६ रोजी आग्र्यात त्यांचा बिशपपदाचा दीक्षाविधी झाला. नकाशावर मोठा दिसणारा पाटण्याचा विभाग हाताशी धर्मगुरू आणि पैसा नसताना सांभाळायचा होता. सैन्याच्या छावण्यांतून विखुरलेले आयरिश सैनिक, त्यांची अनाथ मुले, आणि गंगेकाठची थोडी जुनी कॅथोलिक कुटुंबे, असा त्यांचा कळप होता. हे काम त्यांना मनापासून आवडले असावे, असे त्यांच्या पुढील आयुष्यावरून वाटते. कारण संधी मिळताच ते येथेच परत आले.

परंतु १८४९ साली त्यांना मुंबईला जाण्याची आज्ञा झाली, आणि त्यांच्या आयुष्यातील सर्वात वादळी पर्व सुरू झाले. ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

पूर्वेकडील देशांतील ख्रिस्तसभेचा सांभाळ करण्याचा, तेथील बिशपांची नावे सुचविण्याचा आणि चर्चच्या खर्चाची तरतूद करण्याचा अधिकार रोमने पोर्तुगालच्या राजाला दिला होता. या व्यवस्थेला पाद्रोआदो म्हणतात. पोर्तुगालची सत्ता जोरात होती तोपर्यंत ती चालली. पुढे पोर्तुगीज सत्ता क्षीण झाली, नवे प्रदेश इंग्रज आणि डच यांच्या हाती गेले, आणि राजाला पेलवत नसलेली जबाबदारी रोमने १६२२ साली स्थापन झालेल्या प्रोपागांदा फिदे या आपल्या धर्मप्रसार खात्यामार्फत उचलण्यास सुरुवात केली. मुंबईत इंग्रजांना पोर्तुगीज धर्मगुरूंचा विश्वास वाटेना, म्हणून १७२० साली त्यांच्या जागी कार्मेलाईट संघाचे धर्मगुरू आले. त्यानंतर एकाच बेटावर दोन अधिकार उभे राहिले. १७९४ साली कंपनी सरकारने तोडगा म्हणून चर्चचीच वाटणी केली. काही चर्च गोव्याच्या आर्चबिशपांकडे, काही कार्मेलाईट बिशपांकडे. १८३८ साली पोपमहोदयांनी फर्मान काढून पाद्रोआदोचा अधिकार बराच मर्यादित केला. पण गोव्याकडच्या धर्मगुरूंनी ते मानले नाही. भाऊबंदकीचे वाटणीपत्र झाले की भांडण संपत नाही, उलट त्याला दस्तऐवजाचा आधार मिळतो, हे आपल्या गावगाड्यातील अनुभवी माणसे जाणतात. मुंबईतही तसेच झाले.

अशा घरात हार्टमन प्रेषितीय प्रशासक म्हणून आले. त्यांनी प्रथम लेखणी उचलली. १८५० साली त्यांनी मुंबईत एक कॅथोलिक नियतकालिक सुरू केले. ‘द एक्झामिनर’ या नावाने आपण ओळखतो ते साप्ताहिक हेच. पावणेदोनशे वर्षांच्या घरात पोहोचलेले हे पत्र मूळ एका वादाच्या गरजेतून जन्मले, हे पुष्कळ वाचकांना ठाऊक नसते. या कामात त्यांच्या बरोबर होते तरुण इटालियन कॅपुचिन इग्नाझियो पर्सिको. हेच पर्सिको पुढे भारत सोडून अमेरिकेत बिशप झाले आणि १८९३ साली कार्डिनल झाले.

मग १८५३ साल उजाडले. मकावचे बिशप त्या वर्षी मुंबईत आले आणि पाद्रोआदोच्या बाजूने त्यांनी धर्मविधी केले. वातावरण अधिकच तापले. माहीमचे संत मायकल चर्च त्या वेळी व्हिकर अपोस्तोलिकांच्या अधिकाराखाली होते. तेथील लोकांचा आणि धर्मगुरूंचा ओढा गोव्याकडे वळला आणि चर्च पाद्रोआदोकडे जाणार, असे दिसू लागले. पत्रे पाठवून, निषेध नोंदवून आणि न्यायालयाचा मार्ग धरून बिशप आपल्या निवासस्थानी थांबू शकले असते. हार्टमन स्वतः माहीमला गेले, चर्चमध्ये शिरले आणि तेथेच राहिले. बाहेर विरोधकांचा वेढा पडला. तो एक-दोन दिवसांत उठला नाही. पंधरा दिवसांहून अधिक काळ बिशप आत आणि माणसे बाहेर. हुतात्मा व्हावे लागले तरी चालेल, पण चर्च सोडायचे नाही, अशी त्यांच्या मनाची तयारी होती. अखेर मुलकी अधिकाऱ्यांनी हस्तक्षेप केला. चर्चचा ताबा पाद्रोआदोच्या बाजूकडे गेला आणि हार्टमन यांना रिकाम्या हाताने परतावे लागले.

आज माहीमच्या त्या चर्चमध्ये दर बुधवारी नोव्हेनेला सर्व धर्मांचे लोक मेणबत्त्या घेऊन येतात. गर्दीत उभे राहिले की या वेढ्याची कल्पनाही येत नाही.

या प्रसंगाकडे कसे पाहावे? बिशप हार्टमन यांची जी चरित्रे लिहिली गेली त्यांत तो वीरवृत्तीचा कळस मानला जातो. रोमच्या आज्ञेशी एकनिष्ठ राहून एका वृद्धत्वाकडे झुकलेल्या संन्याशाने जमावापुढे उभे राहावे, याला धैर्य लागते, हे कोणीही मान्य करील. पण भिंतीच्या बाहेर कोण होते, हाही प्रश्न विचारला पाहिजे. बाहेर परके सैनिक नव्हते. आमचेच पूर्वज होते. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी त्या चर्चमध्ये स्नानसंस्कार घेतला, ज्यांनी मराठी-कोंकणी बोलीत आपल्या प्रार्थना म्हटल्या आणि ज्यांना गोव्याचा धर्मगुरू आपला वाटत होता, ते हे लोक. त्यांच्या दृष्टीने दूरच्या रोमहून आलेला आणि आपली भाषा न बोलणारा बिशप हाच परका होता. आपल्या चर्चमध्ये आपले म्हणणे चालावे, ही त्यांची मागणी केवळ आडमुठेपणा म्हणून झटकता येत नाही. दुसरीकडे, राजाच्या मर्जीवर बिशप अवलंबून असावा, ही गोष्ट ख्रिस्तसभेच्या हिताची नव्हती, हेही खरे. पुढील इतिहासाने हार्टमन यांचीच बाजू उचलून धरली. तत्त्व त्यांचे बरोबर होते. परंतु माणसांना जिंकण्याची कला त्यांना त्या पंधरा दिवसांत साधली नाही, असे माझे नम्र मत आहे.

आणि येथे आडनावांची ती गोष्ट पुन्हा आठवते. भिंतीच्या आत हार्टमन. बाहेर रॉड्रिग्ज, फर्नांडिस, गोन्साल्विस अशा आडनावांचा समाज. दोन्हीकडची नावे हजार-दीड हजार वर्षांपूर्वी एकाच भाषाकुळातून निघालेली. एक आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी राहिले, दुसरे समुद्र ओलांडून कोकण किनाऱ्यावर आले, आणि माहीमला एकमेकांसमोर उभे ठाकले. हे त्या दोघांनाही माहीत नव्हते.

वेढ्याने हार्टमन खचले नाहीत. त्यांनी पर्सिको यांना रोम आणि लंडनला पाठवून आपली बाजू मांडली. त्याच सुमारास कार्मेलाईट संघाने मुंबईच्या मिशनमधून माघार घेतली. मोठ्या प्रदेशाला माणसे पाहिजेत आणि शिकलेली माणसे पाहिजेत, हे हार्टमन ओळखून होते. त्यांनी येशूसंघीयांना बोलावण्याचा आग्रह धरला. १८५४ साली मिशनचे दोन भाग झाले : उत्तरेकडचा मुंबई विभाग कॅपुचिनांकडे आणि दक्षिणेकडचा पुणे विभाग येशूसंघीयांकडे. हार्टमन मुंबईचे व्हिकर अपोस्तोलिक झाले आणि पुण्याचा कारभारही तेच पाहू लागले. कोल्हापूर संस्थानचा प्रदेश या दक्षिण विभागात येत होता. पुढे १८८६ साली पुणे हा रीतसर धर्मप्रांत झाला, आणि २००५ साली त्यातून सिंधुदुर्ग धर्मप्रांत वेगळा निघेपर्यंत कोल्हापूरचे कॅथोलिक पुण्याच्या बिशपांचे लेकरू होते. म्हणून ज्या रेषेने आपला प्रदेश मुंबईपासून प्रथम वेगळा आखला गेला, ती हार्टमन यांच्या कारकिर्दीत ओढली गेली, असे म्हणता येईल.

१८५८ साली कॅपुचिनांनी मुंबई विभागही येशूसंघाच्या हाती दिला आणि हार्टमन पदावरून मोकळे झाले. एका संघाचा बिशप आपल्या संघाचे मिशन दुसऱ्या संघाच्या स्वाधीन करतो, ही साधी गोष्ट नाही. संस्थांचे अभिमान किती तीव्र असतात हे आपण जाणतो. पुढे त्याच येशूसंघीयांनी १८६९ साली मुंबईचे संत झेवियर महाविद्यालय उभारले. जर्मन येशूसंघीयांच्या कित्येक पिढ्या मुंबई आणि पुणे धर्मप्रांतांत राबल्या. त्यांना येथे येण्याची वाट मोकळी करून देणारा माणूस स्वतः कॅपुचिन होता.

मधल्या काळात, १८५६ साली, ते युरोपला गेले होते. लंडनमध्ये त्यांनी कंपनी सरकारकडे एक प्रश्न लावून धरला. भारतातील इंग्रजी फौजेत कॅथोलिक सैनिक, मुख्यतः आयरिश, मोठ्या संख्येने होते. ते लढत होते, मरत होते. परंतु त्यांच्या धर्मगुरूंना प्रॉटेस्टंट धर्मगुरूंच्या मानाने तुटपुंजे वेतन मिळे आणि त्यांची अनाथ मुले सरकारी अनाथालयांत आपल्या श्रद्धेपासून तुटत. या बाबतीत समान वागणूक मिळावी म्हणून हार्टमन यांनी चिकाटीने खटपट केली आणि काही सवलती पदरात पाडून घेतल्या. माहीमला ज्या हट्टाने हार आणली, त्याच हट्टाने येथे काम केले. कणखरपणा कोठे लागू पडतो आणि कोठे नाही, याचे दोन्ही नमुने एकाच आयुष्यात सापडतात.

मुंबईतून मोकळे झाल्यावर रोममध्ये कॅपुचिन मिशनची व्यवस्था पाहण्याचे काम त्यांच्याकडे आले. ते तेथेच राहते तर मानाने आणि आरामात उरलेले आयुष्य गेले असते. १८६० साली ते पुन्हा पाटण्याचे व्हिकर अपोस्तोलिक म्हणून भारतात परतले. वय सत्तावन्न, प्रकृती खालावलेली. त्यांच्याच निमंत्रणावरून १८५३ साली बव्हेरियातून आलेल्या धर्मभगिनींनी पाटण्यात मुलींसाठी सुरू केलेले संत जोसेफ कॉन्व्हेंट आता मूळ धरू लागले होते.

या अखेरच्या पर्वातील त्यांचे एक काम मला सर्वांत मोलाचे वाटते. १८६४ साली त्यांनी नव्या कराराचा हिंदुस्थानी भाषेतील अनुवाद रोमन लिपीत प्रसिद्ध केला. त्यापूर्वी त्याच भाषेत त्यांनी धर्मशिक्षणाचे पुस्तकही केले होते. त्या काळी कॅथोलिक मिशनांत लॅटिनची सत्ता निर्विवाद होती आणि लोकभाषेतील शास्त्रग्रंथ हा मुख्यतः प्रॉटेस्टंटांचा प्रांत समजला जाई. फ्रिबुर्गचा लॅटिन अध्यापक चाळिशीनंतर शिकलेल्या भाषेत शुभवर्तमान उतरवतो, हे सामान्य नव्हे. ज्याला माहीमच्या लोकांशी संवाद साधता आला नाही, त्याने पाटण्याच्या लोकांसाठी त्यांची बोली शिकून घेतली. अनुभवाने माणूस बदलतो, असे मी येथे वाचतो. इतिहासकार कदाचित सावधपणे बोलतील.

एप्रिल १८६६ मध्ये, उन्हाळ्याच्या ऐन भरात, पाटण्याजवळील कुर्जी येथे त्यांना कॉलऱ्याने गाठले. २४ एप्रिल रोजी ते मरण पावले. वय त्रेसष्ट.

कॉलऱ्याच्या रोग्याच्या शिरेत मिठाचे पाणी सोडावे, ही युक्ती १८३२ साली, म्हणजे हार्टमन फ्रिबुर्गला शिकवीत होते तेव्हाच, स्कॉटलंडमधील थॉमस लाटा नावाच्या डॉक्टरांनी करून पाहिली होती. मरणाच्या दारातले काही रोगी उठून बसले. पण पाणी निर्जंतुक नसे, प्रमाण ठाऊक नसे, आणि वैद्यकातील मोठ्या माणसांचा विश्वास बसला नाही. युक्ती अडगळीत पडली. पाटण्याच्या बिशपांपर्यंत ती पोहोचण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे १८८० नंतरच्या काही वर्षांत लंडनमध्ये सिडनी रिंगर यांनी बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून कोणते क्षार किती असावेत हे ठरवले. विसाव्या शतकाच्या आरंभी कोलकात्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी तीव्र सलाईन देऊन कॉलऱ्यातील मृत्यू लक्षणीयरीत्या घटवले. आणि १९३२ साली अमेरिकेतील सेंट लुईस येथे अलेक्सिस हार्टमन यांनी, जुलाबांनी रक्तातील आम्ल वाढलेल्या बालकांसाठी, रिंगर यांच्या द्रावात सोडियम लॅक्टेट मिसळले. तेच हार्टमन्स सोल्युशन, तीच आपली आर.एल. बिशप हार्टमन यांच्या मृत्यूनंतर सहासष्ट वर्षांनी त्यांच्याच आडनावाच्या माणसाने ते औषध तयार केले.

चर्चच्या वादाचाही पुढे निकाल लागला, पण सावकाश. १८८६ साली रोम आणि पोर्तुगाल यांच्यात नवा करार झाला. तरी मुंबईतील दुहेरी अधिकार संपायला १९२८ साल उजाडावे लागले. तोवर वेढ्यातील दोन्ही बाजूंचे लोक केव्हाच आपापल्या कबरींत विसावले होते. हार्टमन यांना संतपद मिळावे यासाठीची चौकशी १९०६ साली सुरू झाली, आणि २१ डिसेंबर १९९८ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांच्या काळात त्यांचे सद्गुण वीरोचित असल्याचे घोषित होऊन त्यांना ‘पूजनीय’ ही पदवी मिळाली. धन्यवादित घोषित होण्यासाठी त्यांच्या मध्यस्थीने घडलेला चमत्कार सिद्ध व्हावा लागतो. मुंबई, पुणे आणि पाटणा या तिन्ही धर्मप्रांतांत त्यांच्या नावाने प्रार्थना करणारे श्रद्धावंत आज फार नाहीत. पाटण्यात त्यातल्या त्यात अधिक असावेत. माहीमची आठवण अजून कोठेतरी सलत असेल काय, असा विचार माझ्या मनात येऊन गेला.

पहाटे परिचारिका आली, तिने रिकामी बाटली काढली आणि दुसरी अडकवली. आईने डोळे उघडून चहा मिळेल का, असे विचारले.